दाराला हात फिरवायचा दिवस

आत्या सकाळच्या पहिल्या बसने आली, पिशवी वर्कशॉपच्या दारात टेकवली आणि म्हणाली, "कुठंय ते दार? हात फिरवते, जेवते आणि निघते."

"आधी चहा घे," बाबा म्हणाले. "दाराला अजून रंग लागायचाय."

"म्हणजे मी लवकर आले?"

"वेळेवर तरी कधी आली होतीस?" कोपऱ्यातून अप्पा म्हणाले. ते आपल्या बाकावर एका खुर्चीच्या हाताला मेण चोळत बसले होते आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

"अगं बाई, हा बोलतोय की! मला फोनवर कळलं की साहेब रुसलेत."

अप्पा रुसले नव्हते. कोरीवकामाचं मशीन आल्यापासून ते उलट जास्तच बोलत होते. फक्त मशीनच्या कामाला हात लावत नव्हते, आणि या घरात ते रुसण्यापेक्षा वाईट होतं.

वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवरून घरातल्या प्रत्येकाचा तळहात फिरला पाहिजे, हा नियम आजोबांनी घातला होता. त्यांनी तो घातला तेव्हा त्यात भावनेचा भाग काही नव्हता. डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं, एकाच्या हाताला लागत नाही ते दुसऱ्याच्या लागतं, एवढाच हिशेब. पुढे त्याची रीत झाली. शेवटचा हात घरातल्या मोठ्याचा. त्याने हात फिरवून "जाऊ दे" म्हटलं की वस्तू टेम्पोत चढायची. आत्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी मोठ्या कामांना बसने यायची. एकदा तर पाय प्लास्टरमध्ये असताना आली होती. आणि आजोबांनंतर घरातले मोठे म्हणजे अप्पा, बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ज्या दाराला करताना कुणाचा हात लागला नाही, त्याला आता मी कशाला लावू?"

दार ग्रंथालयाच्या नव्या वाचनकक्षाचं होतं, दोन फळ्यांचं. एका फळीवर झाडाचं खोड, त्याच्या फांद्या दुसऱ्या फळीवर गेलेल्या, फांद्यांवर पक्षी. सगळं मशीनवर कोरलेलं. संध्याकाळी ग्रंथपालबाई रंग बघायला येणार होत्या आणि पसंत पडलं तर सकाळी दार जाणार होतं. म्हणजे अप्पांनी जाऊ दिलं तर.

मशीन मुंगीने आणलं होतं. मुंगी म्हणजे बाबांची धाकटी. रांगायची तेव्हा भुशाच्या ढिगातून सरळ रेषेत जायची म्हणून अप्पांनीच ठेवलेलं नाव, ते ती कॉलेजातून शिकून आली तरी सुटलं नाही. तिने मनाशी एक ठरवलं होतं आणि ते फक्त आईला सांगितलं होतं. गावाबाहेर तिच्या मैत्रिणीची एक रिकामी शेड होती. आज अप्पांनी हात फिरवला नाही, तर मशीन उचलून तिकडे न्यायचं. भांडण नाही, रडारड नाही. पण ज्या घरात आपल्या कामाला मोठ्यांचा हात लागत नाही, तिथे ते काम करायचं नाही.

ते ऐकून आईने केरसुणी उचलली होती. आईला विचार करायचा असला की ती केर काढायची.

"दाखव तरी," आत्या म्हणाली.

मुंगीने दारावरची जुनी चादर दोन्ही हातांनी उचलली. हातांत रबरी मोजे होते. "बघायचं. हात लावायचा नाही."

"हात लावायलाच आलेय मी."

"रंग आणि वरचा सीलरचा थर झाल्यावर, आत्या. कच्च्या लाकडाला नाही. सगळ्यांना सांगितलंय."

"मेली काय पोलीस झालीय," आत्या म्हणाली, पण हात पाठीमागे बांधले आणि वाकून बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. पक्ष्याच्या पंखातलं एकेक पीस सुटं दिसत होतं आणि कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. "हे मशीनने केलं?"

"मशीनने कापलं," मुंगी म्हणाली.

पहिल्या खेपेला कापलं तेव्हा ते असं नव्हतं. नमुन्याच्या तुकड्यावरचा पहिला पक्षी भिजलेल्या मांजरासारखा निघाला होता, अंगभर लव, पंखांच्या कडा कुरतडलेल्या, आणि एका बाजूला लाकूड भाजून काळं झालेलं. मुंगीने तो तुकडा लपवायच्या आत अप्पांनी पाहिला होता. "हा पक्षी आहे?" ते म्हणाले होते. "मला वाटलं झाडाला काही रोग झालाय."

त्या दिवसापासून अप्पांचे टोमणे सुरू झाले ते थांबले नाहीत. मुंगी आधी चिडली, मग ऐकू लागली. कारण अप्पा टोमण्यातसुद्धा खोटं बोलत नसत. "बोथट पटाशी माझ्या बापाने फेकून मारली असती" असं ते आढ्याकडे बघून म्हणाले, तेव्हा तिने मशीनचं पातं काढून नखावर घासून बघितलं, आणि ते खरंच उतरलेलं होतं. "रेषेच्या उलट तासायचं आणि मग लाकडाला शिव्या द्यायच्या" असं ते खुर्चीच्या पायाला उद्देशून म्हणाले, तेव्हा तिने मशीनची शेवटची बारीक फेरी लाकडाच्या रेषेच्या दिशेने होईल असं बसवलं. भाजत होतं ते पातं एका जागी जास्त वेळ रेंगाळत असल्यामुळे, म्हणून तिने त्याचा पुढे सरकण्याचा वेग वाढवला. तरी थोडी लव राहिलीच. तेव्हा अप्पा म्हणाले, "आता दाढीच करा त्याची, साबण लावून!"

त्यावर ती दोन दिवस विचार करत होती. मग शेवटच्या फेरीआधी तिने कोरलेल्या भागावर पातळ चपडा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मारला, वाळू दिला आणि मशीन पुन्हा फिरवलं. मऊ लव कडक झाली होती, त्यामुळे वाकून निसटण्याऐवजी ती पात्याखाली कापली गेली. पक्षी बाहेर आला तो आंघोळ करून आल्यासारखा. सपाट भाग तिने काचकागदाने रेषेवर घासले, कोरलेल्या भागावर नायलॉनचा ब्रश फिरवला, सगळी धूळ हवेने उडवली, आणि काम चादरीखाली झाकलं. अप्पांनी तो नवा पक्षी पाहिला की नाही, तिला कळलं नाही. ते काही बोलले नाहीत. टोमणाही नाही, याचंच तिला जास्त लागलं.

"अप्पा, एकदा येऊन बघ तरी," आत्या आता म्हणत होती.

"माझं एका मशीनशी पटलं नाही, तेव्हा त्याला अर्धं बोट दिलंय," अप्पा म्हणाले. उजव्या हाताची अर्धी करंगळी तरुणपणी पट्ट्याच्या करवतीने नेली होती, उरलेली अर्धी ते अशा वेळी बाहेर काढायचे. "आता उरलेली जपून वापरतो."

"तेवढं एक अर्धं बोट आयुष्यभर पुरवलंस!"

बाबा हसले आणि लगेच गप्प झाले. दोन भाऊ एकाच छताखाली काम करत होते आणि बाबांनी आजवर कुणाचीच बाजू घेतली नव्हती. त्याला ते समजूतदारपणा म्हणत. आत्या त्याला दुसरं काहीतरी म्हणायची.

चहा झाल्यावर मुंगी आणि बाबा कामाला लागले. स्पिरिटमधला गडद तपकिरी रंग, जुनं धुतलेलं सुती फडकं. बाबांचा हात रंगावर बसलेला होता. फडकं ओलं करून पिळायचं, रेषेवर एका लांब हाताने न्यायचं, मध्ये थांबायचं नाही. खोलगट भागात रंग साचला की मुंगी कोरड्या ब्रशने तो टिपून घेत होती. फांद्या हळूहळू पुढे येत होत्या, पार्श्वभूमी मागे जात होती. दादा, मुंगीचा थोरला भाऊ, मापाची पट्टी घेऊन मध्ये मध्ये येत होता. दारं बसवायचं काम त्याचं, त्यामुळे दार दिसलं की त्याला मोजावंसं वाटायचं.

"दादा, पट्टी लांब ठेव."

"मी फक्त बघतोय."

"डोळ्यांनी बघ."

खोडाच्या खालचा सपाट भाग उरला होता, जिथे मुळं पसरत होती. बाबांनी त्यावरून फडकं नेलं आणि थांबले. बाबा मध्येच थांबले, म्हणजे काहीतरी झालं होतं.

मुळांच्या शेजारी लाकूड फिकं राहिलं होतं. बाबांनी पुन्हा फडकं फिरवलं. आजूबाजूचा रंग गडद झाला, तो डाग तसाच. रंग त्यावर थांबतच नव्हता, तेलावरच्या पाण्यासारखा बाजूला सरत होता.

"भाजलं असेल," दादा म्हणाला. "मशीनने."

"भाजलं तर काळं होतं," मुंगी म्हणाली.

"मग तुझा तो चपडा राहिला असेल."

"तिथे मारलाच नव्हता. तो सपाट भाग आहे."

"लाकूडच वाईट," बाबा म्हणाले. बाबा नेहमी अशाला दोष द्यायचे जो उलट बोलणार नाही.

"लाकूड मी निवडलंय," अप्पा कोपऱ्यातून म्हणाले. "लाकडाला काही झालेलं नाही."

अप्पांनी लाकूड निवडलं होतं? मुंगीने बाबांकडे पाहिलं. बाबा फडक्याकडे बघू लागले.

"मग कुणीतरी हात लावला," आत्या म्हणाली, आणि बाही वर सरकवली. तिला आता मजा येऊ लागली होती. "मी नाही. मी बसमध्ये होते. वहिनी, तू रोज इथे केर काढतेस."

"केर जमिनीवरचा काढते, दारावरचा नाही," आई म्हणाली.

"चादर कुणी हलवली होती?"

"मी. काल. झटकायला," आई म्हणाली, आणि मग अकारण म्हणाली, "आणि लगेच परत घातली."

"तुझ्या हाताला क्रीम असतं."

"असतं. पण मी दादासारखी बटाटे तळून आल्या आल्या सगळीकडे हात पुसत नाही."

"आई! मी कधी…"

"परवा. कपाटाच्या दाराला. मी पुसलं ते."

"म्हणजे तू दादावर ढकलतेयस?" बाबांनी विचारलं.

"मी कुणावर ढकलत नाही. मी म्हणतेय मी नाही."

"मग काय मी?"

"तुमच्या हाताला तर चोवीस तास पॉलिश असतं!"

बाबांनी हात मागे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणीतरी आळ घेतला होता. दादा बाबांच्या बाजूला सरकला, मग आईने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा परत आईच्या बाजूला. मुंगीला रडू येईल असं वाटत होतं आणि त्याच वेळी हसूही. अप्पा खुर्चीच्या हाताला मेण चोळत होते. जरा जास्तच जोरात चोळत होते.

"थांबा सगळे," आत्या म्हणाली. "दिवा आण गं तो लांब वायरचा."

मुंगीने दिवा आणला आणि आत्याने तो दाराला लागून तिरपा धरला. डाग नुसता डाग नव्हता. तळवा होता. अंगठा मुळाकडे, बाकीची बोटं वरच्या बाजूला पसरलेली. कुणीतरी सपाट लाकडावर हात ठेवून तो वर फांदीच्या कडेपर्यंत नेला होता, हळू, दाबून, आणि पुन्हा खाली आणला होता.

"चला, एकेकाने हात धरा. लावू नका, वर धरा नुसता," आत्या म्हणाली.

आईचा हात लहान पडला. दादाचा मोठा. बाबांनी आपला हात वर धरला आणि तो जवळजवळ बसला. मग मुंगी म्हणाली, "करंगळी बघा."

ठशातली करंगळी मध्येच संपत होती.

कोपऱ्यातला चोळण्याचा आवाज थांबला. आत्याने दिवा बंद केला, बाकावर बसली आणि खांदे हलेपर्यंत हसली. "हात लावणार नाही म्हणे! सगळ्यांच्या आधी लावला!"

अप्पा उठले. बाकापासून दारापर्यंत आले, ठशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्याकडे. तळवा मेणाने चकाकत होता. चाळीस वर्षं त्यांनी जे केलं ते मेणाचं काम केलं होतं, आणि त्या कामाला मेणाचा हात कितीही लागला तरी बिघडत नाही. या रंगाला बिघडतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि ज्या दिवशी मुंगीने सगळ्यांना बजावलं, त्या दिवशी ते मशीनबद्दल काही ऐकायचं नाही म्हणून बाहेर जाऊन बसले होते.

"लव राहिलीय का बघत होतो," ते म्हणाले.

"मग?" मुंगीने विचारलं.

"नव्हती."

घरातल्या कुणीही त्यांच्या तोंडून कामाबद्दल याहून मोठी गोष्ट ऐकलेली नव्हती. बाबांना एकदा "ठीक आहे" मिळालं होतं, ते ते अजून सांगत असत.

मुंगीने काचकागद घेतला आणि ठशाकडे वळली.

"अगं ए! घासू नकोस तसं," अप्पा म्हणाले. "मेण आहे ते, नुसतं घासलंस तर आणखी आत जाईल. आधी टर्पेंटाइन. आणि प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवीन बाजू, नाहीतर इथलं मेण तिथे."

"हात धुऊन या," मुंगी म्हणाली.

"काय?"

"साबणाने. आणि मोजे घाला. मग सांगा."

आत्याने पुन्हा हसायला सुरुवात केली. अप्पांनी मुंगीकडे असं पाहिलं, की दादा एक पाऊल मागे सरकला. मग ते नळाकडे गेले.

पुढचा वेळ दोघांनी दारावर वाकून घालवला. टर्पेंटाइनने पुसलं, वाळू दिलं, पुन्हा पुसलं. अप्पांनी स्टीलची पातळ पट्टी तिरपी धरून वरचा थर खरवडला, कांद्याच्या सालीहून पातळ भुगा निघाला. मुंगीला फक्त डागापुरतं घासायचं होतं. अप्पांनी डोकं हलवलं. "तेवढंच घासलंस तर तेवढंच दिसेल. सगळा सपाट भाग घास, मुळाच्या कडेपासून चौकटीपर्यंत. जोड कडेला लपतो, मध्ये नाही." तिने विचारलं, किती बारीक कागद? ते म्हणाले, जेवढा बाकीच्या दाराला घेतलास तेवढाच, जास्त गुळगुळीत केलंस तर रंग कमी पिईल. रबरी मोज्यात त्यांची अर्धी करंगळी रिकामी लोंबत होती आणि दोनदा ती ओल्या फडक्यात अडकली.

बाबांनी पुन्हा रंग नेला. एका लांब हाताने, न थांबता. सगळे वाकून बघत होते. लाकडाने रंग घेतला, सगळीकडे सारखा.

रंग सुकल्यावर बाबांनी सीलर मारला, आणि पंखा लावून सगळे जेवायला बसले. आत्याने अप्पांचा हात या विषयावर जेवणभर विनोद केले. अप्पांनी वाटी पुढे करण्याव्यतिरिक्त काही प्रतिक्रिया दिली नाही.

ग्रंथपालबाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. त्या आत शिरल्या तेव्हा घरातली माणसं दारासमोर रांगेत उभी होती आणि एक बाई डोळे मिटून लाकडावरून हात फिरवत होती.

"मी थोड्या वेळाने येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या, या," बाबा म्हणाले. "आमची तपासणी चाललीय."

आत्याने डोळे उघडले, "झक्कास" म्हणाली आणि बाजूला झाली. मग आई, मग दादा, मग बाबा, मग मुंगी. ग्रंथपालबाई दाराच्या जवळ गेल्या, एका पक्ष्यापाशी थांबल्या. "किती सुंदर! हे हाताने कोरलंय की मशीनने?"

उत्तर द्यायचं काम मुंगीचं होतं, पण सगळे अप्पांकडे बघत होते. ते धुतलेले हात पुसत पुढे आले.

"मशीनवर," ते म्हणाले. "आमच्या या मुलीने. नुसतं मशीन असतं तर तुमच्या दारावर मांजर बसलं असतं."

ग्रंथपालबाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. रंग त्यांना पसंत होता.

अप्पांनी दारावर हात ठेवला. वरून सुरुवात केली. चौकट, फांदी, फांदीच्या खालची बाजू, जिथे कुणी बघत नाही. डोळे भिंतीकडे. पंखाखाली त्यांचा हात थांबला, मागे गेला, पुन्हा तिथे आला.

"इथे," ते म्हणाले.

तिने बोट ठेवलं. एक बारीकसा दाणा, सीलरमध्ये धुळीचा कण बसलेला, मोहरीएवढाही नाही. तिचा हात त्यावरून गेला होता, बाबांचाही गेला होता. कुणाला लागला नव्हता. तिने बारीक कागदाचा तुकडा घडी करून तो घासला, फुंकर मारली. अप्पांनी पुन्हा हात फिरवला. मग मुळांपाशी खाली आले, जिथे ठसा होता, आणि तिथे हात गरजेहून जरा जास्त वेळ ठेवला.

"जाऊ दे," ते म्हणाले. हात काढून घेतला, मेणाच्या डब्याचं झाकण लावलं आणि मुंगीकडे न बघता म्हणाले, "दार जाऊ दे. मशीन कुठे नेऊ नकोस. तिथे शेडमध्ये धूळ फार असते, रंग बसणार नाही."

मुंगी तशीच उभी राहिली. शेडबद्दल तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. ती वळली.

आई केरसुणी घेऊन कोपऱ्यात गेली होती. "माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "काल चादर झटकत होते, तेव्हा अप्पा इथेच बसले होते. बोलता बोलता निघालं तोंडातून."